प्रफुल्ल गणवीरच्या बेलीजच्या सहली

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी घरांना बेलीज हा देश प्रफुल्लमुळे माहीत झाला. त्याआधी बर्फाला कंटाळलेली माणसं फ्लॉरिडाला जायची, फार तर कॅनकूनच्या रिसॉर्टमध्ये डुंबून यायची. मेक्सिकोच्या खाली, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला जंगल असा एक चिमुकला देश आहे, तिथे लोक इंग्रजी बोलतात आणि पहाटे माकडांच्या डरकाळ्यांनी जाग येते, हे त्यानं सगळ्यांना सांगितलं. आणि सांगायचा इतकं मनापासून, की ऐकणारा घरी जाऊन पासपोर्ट शोधायला लागायचा.

प्रफुल्ल मूळचा भंडारा जिल्ह्यातला, साकोलीकडचा. वडील वनरक्षक. त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून तो लहानपणी जंगलात हिंडला. शाळेत जायच्या आधीच पाखरांचे आवाज ओळखायला शिकला. पुढे नागपूरला इंजिनिअरिंग, तिथे वर्गातल्याच उपासनाशी लग्न, आणि मग कंपनीनं शिकागोला पाठवलं. एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम, नेपरव्हिलहून ट्रेननं जाणं-येणं, रविवारी दुर्बीण घेऊन नदीकाठी. व्हिसाच्या धास्तीनं वर्षानुवर्षं अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं नाही. ग्रीनकार्ड आलं तेव्हा मुलगी रुही हायस्कूल संपवत होती. त्या हिवाळ्यात नवराबायको पहिल्यांदा मोकळ्या मनानं बाहेर पडले, ते बेलीजला, पाखरं बघायला.

तिथे दक्षिणेकडच्या टोलेडो जिल्ह्यात, एका लहान गावात त्यांना मिस व्हेल्मा भेटल्या; तिकडे कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला मिसच म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, बोलक्या. भंडाऱ्याच्या आठवडी बाजारात दिसल्या असत्या तर कुणी वळूनही पाहिलं नसतं, इतक्या आपल्यातल्या. त्यांचे पूर्वज इंग्रजांनी उसाच्या कामावर हिंदुस्थानातून नेलेले. भाषा कधीच गेली होती, देव गेले होते, रविवारी सगळं गाव चर्चमध्ये. पण स्वयंपाकघरात हळद होती. तिला त्या ‘पिवळं आलं’ म्हणायच्या, आणि त्या पिवळ्या रश्शाच्या भाजीला ‘तकारी’. उपासनानं पहिला घास घेतला आणि ती ओरडलीच, “अरे, ही तरकारी आहे!”

मिस व्हेल्मांच्या जोडीला डोरीन असायची. शेजारीण, वयानं दहाएक वर्षांनी लहान, उंच, काळीसावळी, तीही हिंदुस्थानी वंशाचीच. आल्यागेल्या प्रवाशांना दोघी मिळून रांधून घालत. एकीनं नारळ खवायचा, दुसरीनं मसाला वाटायचा, आणि मीठ कुणी जास्त घातलं यावरून रोज भांडायचं. जेवायला बसल्या की एकाच ताटलीतून खायच्या. दुसरी घासायला कशाला काढायची, असं डोरीन म्हणायची.

पुढे दोनेक वर्षांत प्रफुल्लच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवी मिळेना. तेव्हा उपासनाच म्हणाली, “तुला जे येतं ते कर ना. लोकांना घेऊन जा.”

अशा त्या सहली सुरू झाल्या. एका वेळी जेमतेम एक व्हॅन भरेल इतकीच माणसं. मोठं हॉटेल नाही, गावातल्या घरांतच राहायचं. कोकोची झाडं लावणाऱ्या माया जमातीच्या शेतकऱ्याकडे एक दिवस, नदीवर एक दिवस, पहाटे पाखरं. निघण्याआधी तो सगळ्यांना बजावून सांगायचा, “प्लॅस्टिक न्यायचं नाही, माकडांना खायला घालायचं नाही, आपण येऊन गेल्याची कसलीही खूण तिथे राहता कामा नये.” लोक हसायचे, पण ऐकायचे. मिस व्हेल्मांच्या ओसरीवरचं जेवण हा सहलीचा कळस असायचा.

त्याच्या कार्डावर नाव होतं ‘प्रफुल्ल जी.’

“जी म्हणजे काय?” कार्डं छापून आली तेव्हा उपासनानं विचारलं. “पुढची अक्षरं कुठे गेली?”

“अमेरिकन लोकांना उच्चारता येत नाही.”

“तुझ्या सहलीला कोण अमेरिकन येऊन राहिलेत? सगळे कोथरूड नि डोंबिवलीचे.”

कारण दोघांनाही ठाऊक होतं. अमेरिकेतल्या पहिल्याच दिवाळीला एका घरी त्यांना फराळाला बोलावलं होतं. तिथे कुणीतरी विचारलं, “गणवीर म्हणजे नक्की कुठले तुम्ही?” भंडाऱ्याचे, तो म्हणाला. “नाही, तसं नाही, म्हणजे मूळचे?” त्यानं सरळ सांगितलं की आम्ही बौद्ध, आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. कुणी काही वावगं बोललं नाही. उलट त्याच्या ताटलीत आणखी एक करंजी आली. फक्त त्या घरातून पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. योगायोगही असेल, असं तो स्वतःच म्हणायचा. पण त्यानंतर त्यानं आडनाव सांगायचं टाळलं. खालच्या दिवाणखान्यात लाकडी बुद्ध होता. तसा बुद्ध नेपरव्हिलमध्ये कुणाच्याही घरी असतो. बाबासाहेबांचा फोटो वरच्या खोलीत होता. उपासना शिकागोच्या जयंतीला उघड जायची, भाषणं करायची. प्रफुल्ल तिला गाडीनं सोडायचा आणि पार्किंग मिळत नाही म्हणून बाहेरच थांबायचा.

मिस व्हेल्मांची लेक एव्हन्स्टनला राहायची. शिकागोच्या उत्तरेला बेलीजच्या लोकांची बरीच वस्ती आहे. दर उन्हाळ्यात मिस व्हेल्मा लेकीकडे येत. एका जूनमध्ये प्रफुल्लला कल्पना सुचली. येत्या हिवाळ्याच्या सहलीसाठी लोकांना बोलवायचं, फोटो दाखवायचे, आणि मिस व्हेल्मांच्या हातची तकारी खायला घालायची.

त्या रविवारी दुपारी त्याचं तळघर माणसांनी भरलं. पुढच्या खुर्च्यांत मोरेश्वरकाका आणि वीणाकाकू. मोरेश्वरकाका म्हणजे निवृत्त इंजिनिअर, मूळचे पुण्याचे, आणि माणूस अगदी प्रेमळ. नव्यानं आलेल्या पोरांना ड्रायव्हिंग शिकवणार, कुणाच्या घरी आजारपण असेल तर डबा पोहोचवणार. त्यांनी ‘छान आहे’ म्हटलं की मराठी मंडळातली माणसं नावं नोंदवायला रांग लावत. मागच्या दोन सहली त्यांच्याच शब्दावर भरल्या होत्या.

जेवणं झाली. सगळे तकारीचं कौतुक करत होते. मिस व्हेल्मा पदराला पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसत काकांच्या समोर येऊन बसल्या आणि भेटेल त्या हिंदुस्थानी माणसाला त्या जे विचारत, तेच त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“माझी पणजी कलकत्त्याहून आली होती. आम्ही तिथले कोण होतो? तुम्हाला माझ्याकडे बघून काही सांगता येईल का?”

हा प्रश्न प्रफुल्लनं पूर्वीही ऐकला होता. दर वेळी तो सांगायचा की कलकत्ता हे फक्त बंदर, माणसं कुठून कुठून आणलेली असत, आता ते कळणं अवघड आहे. पण आज प्रश्न काकांना होता, आणि काकांना अशा गोष्टींत रस होता.

“आजी कशी वागायची, काही आठवतं?” त्यांनी विचारलं.

“आजी? ती अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावायची नाही. संध्याकाळी दिवा लावायची. डुकराचं मांस घरात आणू द्यायची नाही.”

“बघा!” काकांनी मांडीवर थाप मारली. “इतक्या पिढ्या गेल्या, पण संस्कार गेले नाहीत. आणि नाक बघ वीणा, डोळे बघ. मिस व्हेल्मा, तुम्ही नक्की ब्राह्मण. एखाद्या चांगल्या घराण्यातलं कुणीतरी फसवून नेलेलं असणार.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे सगळ्यांत वरचे. विद्वान लोक. पूजा करणारे.”

“सगळ्यांत वरचे!” मिस व्हेल्मा खदखदून हसल्या. “हे डोरीनला सांगितलं तर हसून हसून मरेल ती. मग डोरीनची माणसं कोण? तीपण आमच्यातलीच.”

“त्यांच्याकडे काय करायचे पूर्वी?”

“तिचा आजा ढोल करायचा. गावात कुणाचं जनावर मेलं की त्यालाच बोलवायचे. तो ओढून न्यायचा, कातडं काढायचा.”

काका काही वाईट बोलले नाहीत. त्यांनी नुसता ओठ दुमडला आणि हाताचा पंजा जमिनीकडे करून थोडा खाली नेला. “सगळ्या प्रकारचे लोक गेले होते त्या जहाजांतून,” ते म्हणाले. “पण तुमचं वेगळं. तुम्ही त्यांच्यातल्या नाही.”

प्रफुल्ल चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्याचा स्वतःचा आजा साकोलीजवळच्या त्या गावात मेलेली जनावरं ओढायचा. दीक्षा घेऊन परतल्यावर त्यानं ते काम सोडलं, म्हणून गावानं त्यांचं पाणी बंद केलं होतं. ही गोष्ट प्रफुल्लनं लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की आपण तिथे हजर होतो असंच त्याला वाटायचं.

मिस व्हेल्मांनी त्याच्याकडे मान वळवली. “मिस्टर जी, तुला सगळं माहीत असतं. खरं आहे का हे?”

तळघर त्याच्याकडे बघत होतं. काका हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते. भिंतीपाशी उपासना उभी होती, तीही बघत होती.

“शक्य आहे,” प्रफुल्ल म्हणाला आणि चहा द्यायला लागला.

त्या दिवशी दोन सहली भरतील एवढी नावं आली. पाहुणे गेल्यावर उपासना भांडी घासत होती. तो पुसायला उभा राहिला.

“काऊन नाही बोललास?” तिनं विचारलं.

“अगं, म्हाताऱ्या बाईला आनंद झाला. कशाला विरस करायचा? चार दिवसांत विसरेल ती.”

“ती विसरेल,” उपासना म्हणाली. “आणि डोरीन?”

“डोरीनचा काय संबंध? ती तिकडे दोन हजार मैलांवर आहे.”

मिस व्हेल्मा विसरल्या नाहीत. फेब्रुवारीत प्रफुल्ल पहिला गट घेऊन पोहोचला तेव्हा ओसरीवर नवं टेबल होतं, आणि डोरीनच्या जागी गावातली एक अनोळखी मुलगी वाढत होती. डोरीन कुठे, असं त्यानं विचारलं. तिला हल्ली वेळ नसतो, मिस व्हेल्मा म्हणाल्या. मग त्या पाहुण्यांकडे वळल्या, आणि प्रफुल्लनं त्यांच्या तोंडून ऐकलं, “आम्ही ब्राह्मण लोक. माझ्या आजीच्या घरात फार शुद्धता होती.”

गट हरखून गेला. बायकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. एकीनं त्यांना कुंकू लावलं, दुसरीनं श्लोक म्हणून दाखवला आणि त्यांच्याकडून घोकून घेतला. नेपरव्हिलला परतल्यावर कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं, ‘जंगलात हरवलेली आपली ब्राह्मण आजी, प्युअर व्हेज जेवण, मस्ट व्हिजिट.’ ते वाचून अ‍ॅशबर्नहून, बेलव्ह्यूहून, पार दुसऱ्या राज्यांतल्या मराठी लोकांचे फोन यायला लागले. इतकी मागणी प्रफुल्लला कधीच आली नव्हती.

त्याच सहलीत, एका दुपारी सगळे झोपले असताना तो डोरीनच्या घरी गेला होता. ती कुंपणाच्या आत उभी राहिली, फाटक उघडलं नाही.

“मिस्टर जी,” ती म्हणाली, “व्हेल्मा माझ्या हातचा चहा पीत नाही. का, ते सांगत नाही. म्हणते, तुला काही बोलत नाही मी, पण आमच्या लोकांत हे चालत नाही. आमचे लोक? तिचे नि माझे लोक वेगळे कधी झाले? हिंदुस्थानातली माणसं तू आणतोस इथे. तूच सांग मला.”

“मी बोलतो त्यांच्याशी,” प्रफुल्ल म्हणाला.

आणि तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गटाला नदीवर न्यायचं होतं. त्यानंतर परतीची विमानं होती. मार्चमध्ये दुसरा गट नेला तेव्हा तो डोरीनच्या घरावरून गेलाच नाही, मागच्या रस्त्यानं गेला. हे त्यानं उपासनाला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “व्हेल्मा यंदा एव्हन्स्टनला येईल ना? तेव्हा तू सांगणार आहेस. नाहीतर मी सांगते. पण मी सांगितलं तर त्यात तुझी लाज आहे.”

जूनमध्ये दोघं गेली. लेकीच्या फ्लॅटच्या गॅलरीत मिस व्हेल्मा पालेभाजी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावर टिकली होती. उपासना आत लेकीशी बोलत थांबली आणि प्रफुल्ल स्टूल ओढून त्यांच्या समोर बसला. त्यानं सगळं सांगितलं. आपलं पूर्ण नाव, आजोबांचं काम, तुटलेलं पाणी, दीक्षा. काका जे म्हणाले तो निव्वळ अंदाज होता, कुणी काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही, हेही सांगितलं.

मिस व्हेल्मांचे हात थांबले. “म्हणजे तू डोरीनच्या माणसांपैकी?”

“तसंच म्हणा.”

“नाही रे. तू चांगला माणूस आहेस. शिकलेला.”

हे वाक्य त्यांनी प्रेमानं म्हटलं. प्रफुल्लनं इतकी वर्षं ज्यांच्यापासून नाव लपवलं त्यांच्यापैकी कुणीही त्याला इतकं लागेल असं बोललं नव्हतं.

“मिस व्हेल्मा, डोरीन वाईट आहे का? शिकली असती तर तीसुद्धा...”

“मग त्या दिवशी का नाही बोललास?” त्यांनी मध्येच विचारलं. “तुझ्या घरात होते मी. तुझ्याकडे बघून विचारलं होतं मी. तू म्हणालास, शक्य आहे.”

“चुकलं माझं. घाबरलो.”

त्यांनी भाजीची परडी बाजूला ठेवली. “ऐक. मी लहान होते तेव्हा उसाच्या मळ्यावरचे गोरे आम्हाला कुली म्हणायचे. शाळेतली पोरंही म्हणायची. कुली, कुली, असं ओरडत मागे धावायची. सत्तर वर्षं मी कुणीच नव्हते. मग एक शिकलेला, पांढऱ्या केसांचा माणूस मला म्हणाला, तुझी माणसं वरची होती. त्या रात्री मला झोप आली नाही, मिस्टर जी. आता तू म्हणतोस, ते परत दे. का देऊ मी?”

ती झोप न येणं काय असतं, हे प्रफुल्लला समजत होतं. “ठेवा तुम्हाला हवं ते,” तो शेवटी म्हणाला, “पण डोरीनला घरात घ्या.”

“घेईन,” त्या म्हणाल्या, पण रस्त्याकडे बघत. “जेवायला येऊ दे की. मी कुठे नको म्हणते? फक्त चुलीपाशी नको.”

परतताना गाडी उपासनानं चालवली. हायवेवर कुठेतरी प्रफुल्ल म्हणाला, “सगळ्या सहली कॅन्सल करतो.”

एक काम राहिलं होतं. तो मोरेश्वरकाकांकडे गेला. काका बागेत टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होते. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

“अरे, पण मी चांगल्या मनानंच बोललो रे. त्या बाईला बरं वाटावं म्हणून.”

“माहीत आहे, काका.”

“आणि तू काहीच बोलला नाहीस. तू एक शब्द बोलला असतास तर मी तिथल्या तिथे गप्प बसलो असतो. मला कसं कळणार, तू...” ते अडखळले. “म्हणजे तुझं आडनावसुद्धा आज कळतंय मला. इतकी वर्षं येतोस-जातोस. आणि आम्हाला काय रे त्याचं, आम्ही मानत नाही हे असलं काही.”

“मग डोरीनच्या आजोबांचं ऐकून हात खाली का नेलात?” हे प्रफुल्लच्या अगदी ओठांवर आलं होतं. वीणाकाकू सरबत घेऊन आल्या, तो सरबत प्यायला आणि घरी आला. त्याचं त्याला नंतर पुष्कळ दिवस वाईट वाटत राहिलं. पुन्हा एकदा बोलायची वेळ आली होती आणि तो पुन्हा एकदा पेला हातात धरून गप्प राहिला होता.

सहली त्यानं बंद केल्या, पण मिस व्हेल्मांकडची गर्दी थांबली नाही. अ‍ॅशबर्नच्या कुणीतरी तीच सहल सुरू केली, त्याच घरांत, त्याच जेवणासह. जाहिरातीत मिस व्हेल्मांचा फोटो आहे, कुंकू लावलेला. प्रफुल्लनं त्या माणसाला फोन करून सगळी हकिकत सांगितली. समोरचा भला होता, ऐकून घेतलं, म्हणाला, “यार, पण हा तर त्यांचा आपसातला मॅटर आहे ना? आपण त्यात कशाला पडायचं?”

आता प्रफुल्ल जवळच्या एका जंगल राखीव क्षेत्रात काम करतो. शनिवारी शाळेच्या मुलांना पाखरं दाखवतो. काम त्याला आवडतं, आणि मुलांनाही तो आवडतो. एप्रिलमध्ये तो उपासनाबरोबर जयंतीच्या हॉलमध्ये आत जातो, मागच्या रांगेत बसतो. तिथे कुणी सहलींबद्दल विचारलं तर विषय बदलतो. रुही एकदा म्हणाली, “बाबा, यू वेअर जस्ट बीइंग पोलाइट.” त्यावर तो म्हणाला, “हो, तेच तर.”

गेल्या नाताळात त्यानं डोरीनला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. बरंच लांब लिहिलं, माफी मागितली, आपण कोण ते सांगितलं. चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. त्यानं ते स्वयंपाकघरात उभं राहून उपासनाला वाचून दाखवलं.

‘मिस्टर जी, तुझ्यावर माझा राग नाही. तू कोण आणि मी कोण, हे मला काही कळत नाही, आणि आता शिकायचंही नाही. माझा मुलगा बेलीज सिटीला बोलावतोय, तिकडे जाते. तिथे गॅसची शेगडी आहे म्हणे. व्हेल्मा बरी आहे का? कुणी जाणारं-येणारं असेल तर सांग तिला, पाय सुजत असतील तर मीठ कमी खा म्हणावं.’

“काय लिहिणार आहेस?” उपासनानं विचारलं.

त्यानं फोन टेबलावर ठेवला. अजून त्यानं काही लिहिलेलं नाही.